धाकटीच्या झोपेसाठी

"मानेत बघायला गेलात तर काहीतरी सापडेल," आमच्या डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं होतं. "या वयाच्या कितीतरी बायकांच्या मानेत बारीक गाठी असतात. त्यांना पत्ताही नसतो आणि काही बिघडतही नाही. पण एकदा दिसली, की ती न दिसल्यासारखं वागता येत नाही. तेवढा विचार करा."

मी हसले आणि म्हणाले, "सापडलं तर बरंच की डॉक्टर. लवकर कळेल."

विषय माझ्या ताईच्या घशाचा होता. ताई माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठी. ती लहान मुलांना पोहायला शिकवते, तेही झाकलेल्या तलावात. तिथे छप्पर उंच आणि एका आवाजाचे चार आवाज होतात. पाय सरळ, मान खाली, श्वास बाजूला, असं काठावरून चालत ती सकाळ-संध्याकाळ ओरडत असते. शिट्टी गळ्यात असते, पण ती फक्त धोक्यासाठी. उठसूट फुंकली तर पोरं ऐकायचीच बंद होतील, असं तिचं म्हणणं. त्यामुळे सगळी भिस्त घशावर, आणि त्या हंगामात तो बसला तो बसलाच. डॉक्टर म्हणत होते, आठवडाभर तोंड बंद ठेवा. मी म्हणत होते, सोनोग्राफी करू. बाळंतपणानंतर मला थायरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या आणि त्या निमित्ताने वाचून वाचून मी अर्धी डॉक्टर झाले होते. शिवाय माझं कामच तसलं. औषधाच्या खोक्यात जो घडीचा कागद असतो ना, बारीक अक्षरातला, सगळे न वाचता फेकून देतात तो, तो छापण्याआधी तपासायचं काम मी करते. सगळं जग जे वाचत नाही ते दुष्परिणाम मी पगार घेऊन दोनदा वाचते.

शेवटी डॉक्टरांनी सुस्कारा सोडून चिठ्ठी लिहिली. आठवडाभर गप्प बसल्यावर ताईचा आवाज आपोआप सुटला. गाठ मात्र सापडली. मग सुई घालून तपासणी झाली आणि उत्तर आलं ते कर्करोग असं.

गाठ सात मिलिमीटरची होती. घरी आल्यावर मी पट्टी काढून सात मिलिमीटर म्हणजे केवढं ते बघितलं. माझ्या मुलीच्या फ्रॉकचं बटण त्याहून मोठं होतं. त्याने मला धीर यायला हवा होता. उलट त्या दिवसापासून मला ते बटण लावताना हाताला घाम यायला लागला.

मोठ्या हॉस्पिटलातल्या सर्जनबाई वयाने ताईएवढ्याच असतील. केस कानापर्यंत कापलेले, आणि बोलताना समोरच्या कागदावर चित्र काढायची सवय. त्यांनी थायरॉइडची ग्रंथी म्हणून एक फुलपाखरू काढलं, त्याच्या एका पंखात टिंब दिलं आणि दोन रस्ते सांगितले. पहिला, ऑपरेशन करून तो पंख काढून टाकायचा. बहुतेकांचं छान पार पडतं, पण आवाजाची नस शेजारून जाते, तिला धक्का लागण्याची थोडी शक्यता असते, आणि काहींना पुढे आयुष्यभर गोळी घ्यावी लागते. दुसरा रस्ता म्हणजे आत्ता काहीच कापायचं नाही, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायची आणि लक्ष ठेवायचं. गाठ तीन मिलिमीटरनी वाढली किंवा मानेत आणखी कुठे काही दिसलं, तर मग ऑपरेशन. अशा बारीक गाठी बऱ्याचदा वर्षानुवर्षं तेवढ्याच राहतात आणि वाट बघून नंतर ऑपरेशन केलेल्यांचंही सहसा चांगलंच होतं, असं त्या म्हणाल्या. सगळ्यांना हा दुसरा रस्ता देता येत नाही. ताईची गाठ नसेपासून आणि श्वासनलिकेपासून लांब होती, म्हणून तिला देता येत होता.

"फक्त एक," सर्जनबाई म्हणाल्या. "तपासणी इथेच करायची, आमच्या सोनोग्राफीच्या मॅडमकडे. जुनी चित्रं शेजारी लावून त्या बघतात. ठरलेल्या वेळी यायचं, आधी नाही आणि नंतर तर नाहीच."

ताईने फुलपाखराचा कागद उचलला, घडी करून पर्समध्ये टाकला आणि म्हणाली, "बघत राहू."

मी म्हटलं, "ताई, अंगात कॅन्सर ठेवून कोणी राहतं का?"

"सात मिलिमीटरला अशी किती जागा लागते गं?" ती म्हणाली.

रिक्षात मी तिच्याशी बोलले नाही. ती मात्र बाहेर बघत सहज बोलावं तसं बोलत होती, की तलावावर लक्ष ठेवण्याचाच मी पगार घेते, आणि दर वेळी कुठे पाणी उडालं म्हणून मी काही उडी मारत नाही. मारली तर बाकीच्यांकडे कोण बघणार? मला राहवलं नाही. मी म्हटलं, "तिथे तू काठावर असतेस. इथे पाण्यात आहेस." त्यावर ती हसली, माझ्या गुडघ्यावर थापटी मारली आणि म्हणाली, "वादात तू कधी हरणार नाहीस." माझी समजूत घालायची तिची ही जुनी पद्धत. आई गेली तेव्हा मी शाळेत होते. माझ्या वेण्या तिने घातल्या, पालकसभांना ती आली, माझ्या लग्नात मला सगळ्यांच्या पाया पडायला लावलं आणि शेवटी स्वतःच्या पाया पडू दिलं नाही. तिने स्वतः लग्न केलं नाही. का, ते आमच्या घरात कोणी विचारलं नाही, मीही नाही.

मी पहारा सुरू केला. ताई दार उघडून आत आली की माझी नजर आधी तिच्या मानेकडे जायची, मग चेहऱ्याकडे. "पाणी पी," असं मी म्हणायचे आणि ती गिळताना बघायचे. कधी कधी दोन बोटं लावूनही बघायचे, जणू बोटांना काही कळणार होतं. ताई मला पहारेकरीण म्हणायला लागली. "काय म्हणते आमची पहारेकरीण? आज आत सोडणार का?" मग ती बंद गळ्याचे टी-शर्ट घालून यायला लागली. मी म्हटलं, उकडत नाही का? ती म्हणाली, फॅशन आहे.

आणि माझी टिल्ली. तिला तेव्हा नुकतं दुसरं वर्ष लागलेलं, चार शब्द येत होते. एकदा ती बाहुलीला मांडीवर घेऊन बसली होती. बाहुलीच्या मानेवर दोन बोटं ठेवून तिने फार गंभीर चेहरा केला आणि म्हणाली, "गिल." म्हणजे गिळ. ताई एवढी हसली की तिला ठसका लागला. नवरा हसला नाही. रात्रीची भांडी पुसताना तो एवढंच म्हणाला, की तिचा पाचवा शब्द हा असायला नको होता.

पहिल्या सहा महिन्यांची तपासणी झाली. गाठ तेवढीच होती. मला वाटलं होतं की आता झोप लागेल. दोन-तीन दिवस लागलीही. मग पुन्हा डोळा लागला की तेच. तेवढीच आहे म्हणजे आहेच की. मी ताईला फोन करून काहीतरी निमित्ताने विचारत राहायचे, घसा खवखवतो का, थकवा येतो का, वजन किती भरलं. तिला रोज कितीदा फोन करते याचा मला अंदाज नव्हता. तिने मात्र एकदाही फोन उचलला नाही असं झालं नाही. पाण्यातून हात बाहेर काढून, टॉवेलने पुसून ती उचलायची. मागे पोरांचा गलका यायचा आणि ती म्हणायची, "ठणठणीत आहे गं. तू जेवलीस का?"

दुसऱ्या तपासणीची वेळ जवळ आली आणि कळलं की सोनोग्राफीच्या मॅडम रजेवर आहेत. त्यांच्या मुलीचं बाळंतपण होतं. हॉस्पिटलातून सांगण्यात आलं की तीन आठवडे उशिराने काही बिघडत नाही, मॅडम आल्या की या. ताईला ते चाललं. मला तीन आठवडे म्हणजे तीन वर्षं वाटली. मी चार दिवस काढले आणि पाचव्या दिवशी बाजाराजवळच्या दुसऱ्या एका सेंटरमध्ये वेळ घेऊन टाकली. ताईला फोनवर सांगितलं तेव्हा मी तयारीत होते. ती नाही म्हणणार, मग मी असं म्हणणार, मग ती तसं म्हणणार. ती म्हणाली, "बरं. तुझं समाधान होत असेल तर जाऊ."

नव्या सेंटरमध्ये खुर्च्या गुबगुबीत होत्या आणि भिंतीवर माशांची टाकी होती. आतले डॉक्टर तरुण, भराभर काम करणारे. आधीची चित्रं आहेत का, असं त्यांनी विचारलं. ती हॉस्पिटलात होती. रिपोर्ट हातात आला तो मी जिन्यातच उघडला. अकरा मिलिमीटर.

अकरातून सात गेले किती, हे टिल्लीलाही सांगता आलं असतं. मी जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिले. ताईने माझ्या हातातून कागद काढून घेतला, वाचला, आणि पहिलं वाक्य बोलली ते, "तू खाली बस. चक्कर येईल."

दुसरं वाक्य म्हणाली, "करून टाकू ऑपरेशन."

मला सांगायला हवं, की त्या क्षणी मला भीती नव्हती वाटत. मला हलकं वाटलं. आता काहीतरी होणार, कोणीतरी हात घालून ते बाहेर काढणार. घरी येऊन मी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. नवऱ्याला सगळं सांगितलं. तो टिल्लीचे बूट काढत होता. "ताई खूप पटकन हो म्हणाल्या," तो म्हणाला. मी म्हटलं, समोर अकरा दिसल्यावर माणूस काय म्हणणार? तो म्हणाला, "वर्षभर माझ्यासमोर तुझी सगळी भांडणं त्यांनी हसत परतवली. आज एकही प्रश्न नाही?" मी ते कानाआड केलं. त्याला कुठे काय कळतं, असं मनात म्हटलं. तो फर्निचरच्या दुकानात मापं घेतो, माणसांची नाही.

हॉस्पिटलने तारीख दिली. ताईने तलावावर बदली शिक्षिका शोधली. हडकुळी, आवाज नसलेली पोरगी होती ती. ताई तिला काठावर उभी करून शेवटच्या टोकाला जायची आणि म्हणायची, मला ऐकू येईल असं बोल. मी टिल्लीला घेऊन बाकावर बसून बघत होते. ती पोरगी ओरडली. ताईने हाताने खूण केली, अजून. पुन्हा ओरडली. अजून. मग ताई स्वतः ओरडली, नुसतं "मान खाली!" आणि छपरापर्यंत तो आवाज गेला, पाण्यातल्या सगळ्या पोरांनी आपापल्या माना खाली घातल्या. टिल्लीनेही घातली. ताई त्यानंतर बराच वेळ तिकडेच उभी होती, पाठ आमच्याकडे करून. मला वाटलं ती पोरं मोजतेय.

ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यात सर्जनबाईंनी बोलावलं. मी प्रश्न तयार करून नेले होते. भूल किती वेळ, टाके किती, गोळी कधीपासून. सर्जनबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही थोडा वेळ बाहेर बसाल? मी ऑपरेशनच्या आधी पेशंटशी एकटीशी बोलते. सगळ्यांशीच."

मी बाहेर बसले. शेजारी एक बँकेतल्या कॅशियर बाई होत्या, मानेवर बारीक रेघ असलेल्या. त्यांनी स्वतःहून सांगितलं की त्यांचीही एवढीशीच होती, त्यांनाही दोन रस्ते दिले होते आणि त्यांनी दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन मागितलं. "नोटा मोजताना एक जरी खोटी निघाली तर मला घास जात नाही. अंगात ती आहे हे माहीत असताना मी जगलेच नसते हो. काढली, सुटले." आवाज थोडा घोगरा होता. तो आधीपासूनच तसा आहे, असं त्या हसून म्हणाल्या. मला त्यांचा हात धरावासा वाटला. मी म्हटलं, माझी ताईही तेच करतेय. त्या म्हणाल्या, "त्यांनाही झोप लागत नव्हती का?" मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि थांबले. मला माहीत नव्हतं. ताईला झोप लागते की नाही, हे मी वर्षभरात विचारलंच नव्हतं.

दार उघडलं आणि मला आत बोलावलं. ताई खुर्चीत सरळ बसली होती, हात मांडीवर. शाळेत मुख्याध्यापिकेसमोर माझ्यासाठी बसायची तशी.

"मी तुमच्या ताईंना विचारलं, ऑपरेशन का करायचं," सर्जनबाई म्हणाल्या. "बहुतेक पेशंट म्हणतात, वाढलंय म्हणून, किंवा भीती वाटते म्हणून. या म्हणाल्या, धाकटीला झोप लागत नाही."

ताई पटकन म्हणाली, "मी ते गमतीत—"

"गमतीत नव्हतं ते." सर्जनबाईंनी पेनाचं टोपण लावलं. त्यांचा आवाज कठोर नव्हता. "मी पेशंटसाठी मान उघडते. नातेवाइकांच्या झोपेसाठी नाही."

ताईने माझ्याकडे बघायचं टाळलं. पुढचं सगळं सर्जनबाईंनी रोजच्या कामासारखं केलं. तो अकराचा रिपोर्ट पुन्हा वाचला, चित्रं कुठे आहेत विचारलं, ती फार पुसट निघाली. सोनोग्राफीच्या मॅडम कालच रुजू झाल्या होत्या. "आत्ताच जा," त्या म्हणाल्या. "वाढली असेल तर तारीख आहेच आपल्याकडे."

सोनोग्राफीच्या खोलीत या वेळी ताईने मला आत घेतलं. मॅडम ठेंगण्या, डोळ्यांखाली काळं, नातवंडाने जागवलेल्या. त्यांनी एका पडद्यावर जुनी चित्रं लावली आणि दुसऱ्यावर ताईची मान. खूप वेळ त्यांचा हात तेवढ्यातल्या तेवढ्यात तिरपा होत राहिला. मग त्यांनी पडदा आमच्याकडे वळवला. "ही आपली," त्या म्हणाल्या. "आणि हिला चिकटून ही दुसरी, साधी, पाण्याची. पहिल्या दिवसापासून आहे, रिपोर्टात लिहिलेलंही आहे. तिथे दोघींना मिळून एक धरलंय. जुनी चित्रं समोर नसली तर कोणाचंही होईल असं." त्यांनी दोन खुणा ठेवल्या, आकडा उमटला. सात.

मला वाटलं होतं, सात ऐकल्यावर मी रडेन. रडली ती ताई.

तिथे नाही. तिथे तिने मॅडमना नातवाचं नाव काय ठेवणार ते विचारलं, मानेवरचं चिकट जेल पुसलं, टी-शर्ट नीट केला. खालच्या कॅन्टीनमध्ये मी दोन चहा घेऊन आले तेव्हा ती कागदी कप हातात धरून बसली आणि तिच्या हनुवटीचं काहीतरी झालं. आई गेली तेव्हाही मी तिला रडताना बघितलं नव्हतं. मी आपली सवयीने सुरू झाले, अगं आता कशाला, सातच आहे, वाढलेली नाही—

"गप्प बस जरा," ताई म्हणाली.

मी माझा कप खाली ठेवला.

"पहिल्या दिवसापासून मला भीती वाटते," ती चहाकडे बघत म्हणाली. "पाण्यात उतरते तेव्हा वाटते. पोरं मोजताना मध्येच आकडा चुकतो. पण घाबरायचं कुठे? घरी एकटी असले की तुझा फोन. तुझ्याकडे आले की तू माझ्या मानेकडे बघत उभी. आपल्या दोघींत घाबरायला जेवढी जागा होती ती सगळी तू अडवून बसलीस. मला कुठे ठेवलीस?"

"मग ऑपरेशनला हो का म्हणालीस?"

"तू जिन्यात पडली असतीस."

आम्ही दोघी हसलो, पण ते नीट हसणं नव्हतं. मग तिचं पुन्हा सुरू झालं आणि शेजारच्या टेबलावरचे लोक आपापल्या ताटात बघायला लागले. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. बोलायला शंभर गोष्टी जिभेवर आल्या होत्या. त्या मी एक एक करून गिळल्या. चहा गार झाला. तिने डोळे पुसले, तो गार चहा एका दमात पिऊन टाकला आणि नेहमीसारखी म्हणाली, "साखर कमी आहे."

सर्जनबाईंनी तारीख रद्द केली नव्हती. त्यांनी ताईला फोन करून सांगितलं की गाठ वाढलेली नाही म्हणून काढायचीच नाही असं नाही. तुम्हाला स्वतःला ती नको असेल तर ठरलेल्या दिवशी या, मी काढीन. पण या वेळी कारण तुमचं हवं. विचार करून कळवा.

ताईने विचार करायला काही दिवस घेतले. त्या दिवसांत मी तिला मानेबद्दल एक शब्द विचारला नाही. बाळंतपणाच्या कळा मी सोसल्यात, पण हे त्याहून अवघड गेलं असं म्हणाले तर नवरा हसतो. फोन उचलायचे, ठेवायचे. शेवटी त्याने माझा फोन स्वतःच्या दुकानात नेला. आणि खरं सांगायचं तर मला कोणता निर्णय हवा होता? अजूनही हवं होतं की काढून टाकावी. ताईच्या जागी मी असते, तर कॅशियर बाईंसारखी दुसऱ्याच दिवशी टेबलावर झोपले असते. पण मान माझी नव्हती. एवढी साधी गोष्ट, आणि ती मला औषधाच्या कागदावरच्या सगळ्यात बारीक ओळीसारखी डोळे ताणून वाचावी लागली.

ताई आली ती भाजीची पिशवी घेऊन. साध्या गळ्याचा सदरा घातला होता. टिल्लीला उचलून तिने ओट्यावर बसवलं आणि मटार सोलायला घेतले.

"कळवलं मी त्यांना," ती म्हणाली. "बघत राहायचं ठरवलंय. कदाचित दोन वर्षांनी कंटाळेन आणि काढून टाका म्हणेन. तेव्हा तसं. आत्ता मला माझा आवाज हवाय आणि ती तिथे असलेली मला चालतेय. रोज नाही चालत, पण चालतेय."

मी मान हलवली.

"आणि तपासणीला तू यायचं नाहीस."

"मग कोण येणार?"

"तुझा नवरा. तो गाडीत गप्प बसतो." तिने एक मटार टिल्लीच्या तोंडात टाकला. "आकडा मी सांगेन, मला सांगावासा वाटेल तेव्हा. तुला राग येईल. येऊ दे."

राग आला. दोन दिवस पुरला. तिसऱ्या दिवशी मी आमच्याच डॉक्टरांकडे गेले, माझ्यासाठी. झोपेचं सांगितलं, दिवसभर छातीत धडधडतं ते सांगितलं. त्यांनी सोनोग्राफीचा विषय काढला नाही. बोलायला एक बाई सुचवल्या. मी दर आठवड्याला जाते. माझी भीती आता तिथे ठेवून येते, निदान थोडी.

पुढच्या तपासणीला नवराच गेला. येताना टोमॅटो घेऊन आला आणि मी काही विचारायच्या आत म्हणाला की मला काही माहीत नाही, मी बाहेर बसलो होतो. आकडा मला चार दिवसांनी कळला. तो इथे लिहीत नाही, कारण तो माझा नाही.

गेल्या महिन्यात दुपारी ताईचा फोन आला. मागे पोरांचा गलका नव्हता. तलाव सफाईसाठी बंद होता, ती घरी होती. मी "काय गं, बरी आहेस ना" म्हणणार तेवढ्यात ती म्हणाली, "आज भीती वाटतेय." बस, एवढंच. मी गॅस बंद केला. खाली फरशीवर बसले. टिल्ली माझ्या मांडीत येऊन बसली. मी काही बोलले नाही, नेटवरचं काही सांगितलं नाही, काही होणार नाही गं असंही म्हटलं नाही. पलीकडे ती कधी बोलत होती, कधी नुसता श्वास येत होता. बऱ्याच वेळाने म्हणाली, "ठेवते. कपडे वाळत घालायचेत."

तुमच्याही घरात अशा कोणीतरी असतील. डॉक्टरांनी ज्यांना सांगितलंय की सध्या काही करायचं नाही, नुसतं लक्ष ठेवायचं. ज्यांना बघायला कोणी येत नाही, कारण त्या अंथरुणाला खिळलेल्या नाहीत, टाके पडलेले नाहीत, कामावर जातात, हसतात. सगळे त्यांना म्हणतात, तुला तर काहीच झालेलं नाही. आणि त्या हो म्हणतात, कारण तुमचा चेहरा त्यांना बघवत नाही. हे वाचून झालं की त्यांना एक फोन करा. गाठ केवढी आहे ते विचारू नका. तपासणीची तारीख चुकली नाही ना, तेवढं एकदा विचारा, आणि मग विचारा की तुला कसं वाटतंय. उत्तर लगेच येणार नाही. तेवढा वेळ फोन धरून ठेवा.